रिपोर्ट नॉर्मल, पण कडेचं दिसत नाही. मग कड तपासली होती का?

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. वय ४१, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ८, दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेला पातळ झालेल्या जागेला, म्हणजे लॅटिसला, लेझर मारलेलं. आता तीन महिन्यांपासून डावीकडचं कडेचं कमी दिसतं, कधी काहीतरी हलल्यासारखं वाटतं, मोटारसायकलवर असताना डावीकडून गाय एकदम उगवल्यासारखी समोर येते. दोन ठिकाणी दाखवलं, आजूबाजूचं किती दिसतं ते बघणारी फिल्ड टेस्ट झाली, पडद्याचा फोटो झाला, सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात टेन्शन घेतोस. त्यांचा प्रश्न एवढाच की मला भास होताय का?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणारा, जळगावात पडद्याच्या ओपीडीत २२ वर्षं झाली, आणि त्यातला निम्मा वेळ त्या अंधाऱ्या खोलीत फिल्डच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून गेलाय. त्या स्टुलावरून सांगतो, "कारण सापडत नाही" असं ज्यांना सांगितलेलं असतं त्यातल्या बऱ्याच जणांची कड कोणी बघितलेलीच नसते. जी जागा तपासली ती नॉर्मल निघाली, एवढंच त्या कागदाचं म्हणणं असतं, पण पेशंट घरी जाताना "डोळा नॉर्मल" असं ऐकून जातो.

पण त्याआधी एक गोष्ट, कारण तुमचा नंबर उणे ८ आणि वर लॅटिस. अचानक डोळ्यासमोर काजळी उधळल्यासारखे काळे ठिपके आले, कडेला वीज चमकल्यासारखं नव्याने व्हायला लागलं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली सरकत यायला लागली, तर पुढचं वाचू नका, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे जा. डोळ्यातली जेली वयाने किंवा मोठ्या नंबरामुळे पडद्यापासून सुटते तेव्हा पडद्याला ओढ बसते आणि मेंदूला ती ओढ उजेड म्हणून कळते, म्हणून अंधारात डोळा फिरवला की बाहेरच्या कडेला कमानीसारखी चमक येते. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या शिरपूरकडच्या, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "कोपराले इज चमकस भो, आनि पानी काही पडत नही." म्हणजे कोपऱ्यात वीज चमकते, पण पाऊस काही पडत नाही. बहुतेकांना यातून काही होत नाही, पण अशी लक्षणं नव्याने सुरू झालेल्या दर शंभरात साधारण १० ते १५ जणांच्या पडद्याला फाट सापडते, आणि फाट वेळेत सापडली तर पाच-दहा मिनिटांच्या लेझरवर भागतं. नाही सापडली तर तिथून पाणी आत शिरतं आणि पडदा सुटतो. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे सावली खालून वर येत असेल तर पडदा वरच्या बाजूने सुटलेला असतो, आणि वरचा पडदा पाण्याच्या वजनाने भराभर खाली उतरतो. मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली राहायची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून "कापूस वेचून झाला की बघू" हे इथे चालत नाही. लोक तसं करतात, दरवर्षी करतात.

तुमचं तीन महिन्यांपासून हळूहळू चाललंय म्हणून आता सावकाश बोलू.

फिल्ड टेस्ट म्हणजे ती वाडग्यात हनुवटी टेकवून लाईट दिसली की बटण दाबायची टेस्ट. तुमच्या कागदावर वरती २४-२ किंवा ३०-२ असं काहीतरी छापलेलं असेल, बघा काढून. त्यातला पहिला आकडा म्हणजे मधल्या बिंदूपासून किती अंशांपर्यंत तपासलं ते. आता माणसाला कानाच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत, थोडं जास्तच, दिसतं, नाकाच्या बाजूला ६०, वर ६०, खाली ७० च्या पुढे. म्हणजे २४ वाल्या टेस्टने तुमची सगळी कड सोडूनच दिली. हे म्हणजे पाच एकर केळीची बाग, त्यात विहिरीभोवतीचे चार वाफे बघून "करपा नाही" म्हणून सांगायचं. मशीनची चूक नाही, ती टेस्ट मुळात काचबिंदूसाठी बनली आहे आणि त्यासाठी ती उत्तम आहे. कडेची तक्रार असेल तर लाईट बाहेरून आत सरकवत आणणारी टेस्ट लागते, तिला गोल्डमन फिल्ड म्हणतात, ती करायला माणूस शिकलेला लागतो, वेळ लागतो, आणि सगळीकडे ती नसते. नसेल तर ६० अंशांपर्यंतचा प्रोग्रॅम बऱ्याच मशीनमध्ये असतो, फक्त कोणी लावत नाही. मागून घ्या. लाजू नका.

फोटोचंही तेच. साधा कॅमेरा एका फोटोत ४५-५० अंश घेतो, म्हणजे मधला पडदा, नस, मोठ्या रक्तवाहिन्या. लॅटिस असतं पार कडेला, ते त्या फोटोत येणारच नाही. मोठा फोटो घेणारी मशीन आता मोठ्या शहरांत आहेत, २०० अंशांपर्यंत घेतात, तरी सगळ्यात खात्रीचं काम अजून जुनंच आहे, ड्रॉप टाकून बाहुली मोठी करायची, पेशंटला आडवं झोपवायचं, डॉक्टरने डोक्याला दिवा लावून हातात भिंग धरून बघायचं आणि बारीक दांड्याने पापणीवरून डोळा थोडा दाबून पडद्याची पार कड नजरेत आणायची. थोडं दुखतं, डोळा दाबल्यासारखा होतो, म्हणून पेशंटच्या ते पक्कं लक्षात राहतं. मी म्हणूनच पहिला प्रश्न हाच विचारतो: झोपवून डोळा दाबून बघितलं होतं का? "नाही, स्टुलावर बसवूनच बघितलं" म्हणाले की समजायचं कड बाकी आहे.

आता दुसरी बाजू, ही पेशंटची. तुम्ही लिहिलंय "डाव्या बाजूचं". भाऊ, डाव्या डोळ्याचं की दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं? दहातले आठ जण हे सांगू शकत नाहीत, डाव्या बाजूचं गेलं म्हणजे डावा डोळा गेला असं धरून चालतात, आणि या एका गोष्टीवर तपासणी पूर्ण बदलते. एक-एक डोळा तळहाताने झाकून बघा. फक्त डाव्याच डोळ्याला कमी दिसत असेल तर दोष त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. कुठलाही डोळा झाकला तरी डावीकडचंच गायब असेल तर दोष डोळ्यात नाही, मेंदूच्या उजव्या भागात आहे, आणि मग पडद्याच्या डॉक्टरकडे चकरा मारण्यात महिने घालवायचे नाहीत, मेंदूचा स्कॅन लागतो. दोन्ही डोळ्यांचं आपापल्या कानाकडचं गेलं असेल तर मेंदूच्या तळाला असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नसा दाबत नाही ना ते बघतात. एक बाई आमच्याकडे दोन वर्षं चष्मे बदलत होत्या, चौथ्या चष्म्याला कोणीतरी डोळा झाकून विचारलं. तो कोणीतरी मी नव्हतो, माझ्याकडून सुटलं होतं, तेव्हापासून मी कोणालाच सोडत नाही.

घरी करून बघायचं असेल तर खान्देशात सामान फुकट आहे. एका काडीच्या टोकाला कापसाचं बोंड लावा. स्टुलावर बसा, एक डोळा झाका, समोरच्या दाराच्या कडीकडे बघत राहा, आणि घरातल्या कोणालातरी मागे उभं करून बोंड कानाच्या मागून हळूहळू पुढे आणायला सांगा. दिसलं की "आलं" म्हणा. मग वरून, खालून, नाकाकडून, तिरपं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांत फरक किती ते बघायचं, अंश मोजायचे नाहीत. एक गंमत मध्येच होईल, कानाकडून आत येताना साधारण १५ अंशांवर बोंड क्षणभर गायब होईल आणि परत येईल. घाबरू नका, ती प्रत्येकाची आंधळी जागा आहे, नस डोळ्यात शिरते तिथे पडदाच नसतो. खात्री करायची तर कागदावर तुरीचे दोन दाणे आठ सेंटीमीटर अंतरावर ठेवा, डावा डोळा झाका, डाव्या दाण्याकडे बघत कागद फूटभर अंतरावर मागेपुढे करा, उजवा दाणा गायब. आयुष्यभर हे भोक घेऊन फिरतोय आपण आणि कधी कळलं नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ठिगळ लावून टाकतो.

ठिगळ लावायची ही सवय लक्षात ठेवा, कारण पडद्याच्या आजारात पेशंटची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. लोकांना वाटतं कड गेली म्हणजे काळं दिसेल. काळं नाही दिसत. तुमच्या डोक्यामागे आत्ता काय दिसतंय, काळं? नाही ना, काहीच नाही, तसं. रावेरकडचे एक अण्णा आले होते, केळीवाले, डोळ्यासाठी आलेच नव्हते, मुलाने आणलं होतं कारण घडाला लावलेल्या टेकूंवर कपाळ आपटून आपटून कायम टेंगूळ असायचं. वाचायला बारीक अक्षर फक्कड, ६/६. अण्णा म्हणायचे, दिसतं मला सगळं, टेकूच मध्ये येतो. तपासल्यावर निघाला आरपी, रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्यात पडद्यावरच्या अंधारात काम करणाऱ्या पेशी आधी जातात. या पेशी एका डोळ्यात १२ कोटींच्या आसपास असतात आणि मध्यबिंदूवर एकही नसते, म्हणून समोरचं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि घरच्यांचा विश्वास बसत नाही. आणि नुकसान बऱ्याचदा अंगठीसारखं होतं, मधलं चांगलं, पार बाहेरचं चांगलं, मधल्या पट्ट्यात नाही. मग बाहेरून येणारी वस्तू दिसते, नाहीशी होते आणि एकदम समोर उगवते. तुमच्या गायीसारखी. मी असं म्हणत नाही की तुम्हाला आरपी आहे, तो बहुतेक दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि आधी रातांधळेपणा येतो, पण एकदा स्वतःला विचारा, टॉकीजमध्ये उशिरा गेलात तर खुर्ची सापडते का, लाईट गेल्यावर घरातले बाकीचे चालायला लागतात तेव्हा तुम्ही भिंत धरता का? आरपी साधारण चार हजारांत एकाला असतो, आणि जिथे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे तिथे काही प्रकार जास्त दिसतात, म्हणून आम्ही घरातल्या लग्नांची चौकशी करतो, त्यात राग मानू नये. पूर्ण इलाज नाही. आरपीईसिक्स्टीफाईव्ह नावाच्या एकाच जीनच्या दोषावरचा जीनचा इलाज डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, बाकीच्यांना अजून तो लागू नाही, त्यामुळे स्टेम सेलच्या नावाने इंजेक्शन देतो म्हणणाऱ्यांकडे जमीन विकून जाऊ नका, मी दोन घरं बुडालेली बघितली आहेत. पण त्यातच होणारा मोतीबिंदू आणि पडद्यावरची सूज या दोन्हीवर इलाज आहे, म्हणून "काही होत नाही" म्हणून घरी बसणंही चूक.

तुमच्या बाबतीत मी आधी बघेन ती अगदी साधी गोष्ट. तीन महिन्यांपूर्वी चष्मा बदलला का? उणे ८ च्या काचेत नजर चालते ती फ्रेमच्या आतच, बाहेर सगळं धूसर, आणि हल्ली जाड काड्यांची बारकी फ्रेम घेतात लोक, ती काडीच अर्धी कड खाते. हसू नका, यात पेशंट निघालेत. त्यानंतर लेझरची जागा, तिथल्या डागांनी कडेचं थोडं जातंच पण ते एवढं बाहेर असतं की सहसा जाणवत नाही. शुगरवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना सगळ्या कडेवर हजार-दीड हजार शॉट मारलेले असतात, मधली नजर वाचवायला कडेची नजर मुद्दाम खर्ची घातलेली असते, म्हणून त्यांना नंतर रात्रीचं आणि बाजूचं कमी दिसतं, आणि हे आधी नीट सांगितलं नाही तर पेशंट म्हणतो लेझरने डोळा बिघडवला. त्यानंतर काचबिंदू. मोठ्या मायनस नंबरात तो जास्त होतो आणि डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असलं तरी होऊ शकतो, म्हणून नसेचा ओसीटी, म्हणजे तिथल्या थरांचा स्कॅन, करून घ्या. शिवाय मोठ्या नंबराच्या डोळ्यात नस तिरकी शिरलेली असते, मागचा भाग फुगलेला असतो, त्यानेही फिल्डमध्ये डाग दिसतात ते आजाराचे नसतात.

एक दुर्मिळ पण लक्षात ठेवण्यासारखं, कारण त्यात पडदा बघितला तर खरंच नॉर्मल दिसतो. अझूर म्हणतात त्याला, अमेरिकेतल्या डोनाल्ड गास या पडद्याच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्णन केलं. एका भागातल्या पेशी काम थांबवतात, तिथे सतत चमचम, आणि डॉक्टरला भिंगातून काहीच दिसत नाही. जास्त करून तरुण बायकांना, मायनस नंबरवाल्यांना. पडद्याचा ओसीटी, पडद्याच्या आपोआप चमकण्याचा फोटो आणि ईआरजी (उजेडाला पडदा कसा विजेचा संकेत देतो ते मोजणारी तपासणी) या तीन तपासण्यांत तो पकडला जातो. नॉर्मल फोटो आणि रडकुंडीला आलेला पेशंट असे दोन्ही एकत्र समोर आले की निदान ईआरजीला तरी पाठवावं, या मताचा मी आहे.

फिल्डच्या रिपोर्टवर आंधळा विश्वासही नको, हे मशीनशेजारी बसणारा सांगतोय. दुपारी दोनला, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, पेशंट पाचोऱ्याहून एसटीने आलेला, जेवलेला, खोलीत अंधार आणि एसी, दोन मिनिटांत घोरतो. पापणी खाली आली की वरचं सगळं फिल्ड काळं येतं, आम्ही पट्टी लावून पापणी वर धरतो. तुमच्यासारख्या मोठ्या नंबरात काच डोळ्यापासून लांब बसली की तिच्या कडेची रिंग रिपोर्टमध्ये उतरते आणि कोणीतरी घाबरून मोठ्या गावाला पाठवतं. पहिली टेस्ट नेहमी थोडी वाईट येते, शिकायला वेळ लागतो. म्हणून सकाळी या, झोप काढून या, आणि गरज वाटली तर परत करायला लावा.

उन्हाळ्याचंच आणखी एक. खाटेवरून पटकन उठल्यावर दोन्ही डोळ्यांची कड चार-पाच सेकंद राखाडी होऊन आत सरकते, ते पडद्याचं नाही, रक्तदाब खाली आलाय, पाणी प्या आणि बीपीच्या गोळ्या एकदा डॉक्टरला दाखवा. आणि नागमोडी चमकती रेघ मधून सुरू होऊन वीस-तीस मिनिटांत कडेकडे सरकत जात विरून गेली तर बहुधा मायग्रेन, डोकं दुखलं नाही तरी.

"काहीतरी हलल्यासारखं वाटतं" याबद्दल. इग्नाझ ट्रॉक्सलर नावाच्या माणसाने १८०४ मध्येच लिहून ठेवलंय की एका बिंदूवर नजर रोखून बसलं की थोड्याच सेकंदांत कडेच्या वस्तू विरायला लागतात, चांगल्या डोळ्याच्याही. तीन महिने तुम्ही दिवसातून वीस वेळा कड तपासत असाल तर हे तुम्हाला नक्की होत असणार, म्हणून बोंडाची टेस्ट करताना दर वेळी पाच सेकंदांत उत्तर घ्या, नजर हलवा, मग पुढची. दुसरं, ज्यांची नजर खरंच बरीच गेलीय त्यांना माणसं, पोरं, फुलांच्या वेली असं स्पष्ट दिसू शकतं. मेंदूला चित्र मिळत नाही तर तो स्वतः बनवतो, चार्ल्स बोने नावाच्या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहिलं, आजोबांचं डोकं ठणठणीत होतं. आमच्या एका आजींना उंबऱ्याशी लाल टोपडं घातलेली दोन मुलं बसलेली दिसायची, बोलायची नाहीत, नुसती बसायची. घरच्यांनी भगताकडे नेलं, कोंबडं गेलं, मुलं काही गेली नाहीत. आजींना आम्ही एवढंच सांगितलं की हे डोळ्यामुळे होतं, वेड नाही, आणि त्या तिथेच रडायला लागल्या कारण सहा महिने त्यांनी ते कोणालाच पूर्ण सांगितलं नव्हतं. तुम्हाला हे नाही, पण भास म्हणून घरात कोणाला गप्प बसवत असाल तर हे माहीत असू द्या.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या लोकांनी एक वेगळं बघा. त्या पट्ट्यात सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होण्याचा आजार, बराच आहे, आणि सिकलच्या वाकड्या पेशी अडकतात त्या पडद्याच्या पार कडेच्या बारीक नळ्यांत, तिथे पंख्यासारख्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि एक दिवस रक्तस्राव. आधी काहीच लक्षण नसतं. सिकलचं कार्ड असेल तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा ड्रॉप टाकून कड बघून घ्या. लहान पोरांना संध्याकाळी धडपडायला होत असेल तर आधी व्हिटॅमिन एची कमतरता, ती भरून निघते. तरुण मुलगा, शुगर नाही, काही नाही, आणि डोळ्यात अचानक रक्त, तर ईल्स, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आपल्या देशात बराच दिसतो आणि टीबीशी त्याचा संबंध आहे, तेव्हा छातीचा एक्सरेही लागतो. फिटच्या गोळ्यांत व्हिगाबॅट्रिन चालू असेल तर कड आत आत येत जाते आणि परत येत नाही, तेव्हा गोळी स्वतः बंद न करता लगेच सांगा.

तर भाऊ, या आठवड्यात जा. चिठ्ठीवर लिहून न्या: कुठला डोळा, कधीपासून, सावली एकाच जागी राहते की नजरेबरोबर पोहते, दिवसा की रात्री. जुनी फाईल, लेझरचा कागद आणि जुना चष्माही सोबत घ्या. ड्रॉप टाकल्यावर चार-सहा तास उजेडाने डोळे दिपतात, म्हणून मोटारसायकल घेऊन येऊ नका, रेल्वेने या, सोबत कोणालातरी आणा. आणि झोपवून डोळा दाबून बघितल्याशिवाय टेबलवरून उठू नका. दोन्ही डोळे.